परळची पट्टी आणि जर्मनीची दांडी

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आहे मानेचा. मानेत बसवायच्या दोन-चार स्क्रूंचा आणि एका पट्टीचा. म्हणाल, महाड-पोलादपूरच्या माणसाला त्याचं काय? तर पुढं येतंच आहे.

मानेतले सगळ्यात वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकायला लागले की ते स्क्रूंनी पक्के करून जोडावे लागतात. त्यासाठी जगभरचे सर्जन आज जी पद्धत वापरतात तिला 'गोयल-हार्म्स' पद्धत म्हणतात. हार्म्स जर्मनीचे. आणि नावात पहिले असलेले गोयल? ते आपल्या परळचे. केईएम हॉस्पिटलच्या न्यूरोसर्जरी विभागात ही पद्धत घडवणारे डॉ. अतुल गोयल. ज्या केईएमच्या बाहेरच्या फुटपाथवर आपल्याकडची किती माणसं पेशंटसाठी डबा घेऊन बसलेली असतात, तेच केईएम.

मी डॉक्टर नाही. ही पोस्ट कुणाला उपचार सांगायला लिहिलेली नाही. पण आपल्या गावांतून मणक्याचे रिपोर्ट घेऊन मुंबईला जाणारी माणसं मी नेहमी बघतो. "मणक्यात रॉड टाकलाय", "स्क्रू बसवलेत" हे शब्द आता वाडीवाडीत ऐकू येतात. ते लोखंड आत काय करतं, कुणी शोधलं, कशासाठी त्याचा आकार तसा आहे, हे मराठीत कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू, कारण सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. मणके जोडण्याच्या ऑपरेशनला 'फ्युजन' म्हणतात. लोकांना वाटतं स्क्रूने मणके जोडले. तसं नाही. जोडतं ते हाड. दोन मणक्यांच्या मध्ये हाडाचे तुकडे भरतात, बहुतेक वेळा पेशंटच्याच कमरेच्या हाडाचे. ते काही महिन्यांत दोन्हीकडच्या हाडांशी एकजीव होतात आणि दोन मणक्यांचा एक होतो. धातूचं काम फक्त तोवर धरून ठेवायचं. स्लॅब टाकताना आपण खालून टेकू लावतो ना, तसं. काँक्रीट घट्ट होईपर्यंत टेकू हलता कामा नये. फरक इतकाच, की स्लॅबचा टेकू नंतर काढतात, हा बहुतेक वेळा आतच राहतो.

आणि हाड जुळलंच नाही तर? तर धातू आज ना उद्या तुटतो किंवा सैल होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. माणूस झोपेतसुद्धा मान हलवतो. लाखो वेळा. म्हणजे ही शर्यत आहे. हाड आधी जुळतं की धातू आधी थकतो? इम्प्लांटच्या डिझाइनचा सगळा खेळ या शर्यतीत हाडाला जिंकवण्याचा आहे.

आता थोडा इतिहास.

१८९१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला बर्थोल्ड हाड्रा नावाच्या डॉक्टरने मान मोडलेल्या पेशंटच्या मणक्यांना चांदीची तार गुंडाळली. मणक्याला धातूने बांधण्याचा हा अगदी सुरुवातीचा नोंदलेला प्रयत्न. पाठोपाठ हाच उपाय मणक्याच्या टीबीसाठी सुचवला गेला. हे महत्त्वाचं आहे. मणके जोडण्याचं शास्त्र जन्माला आलं ते आजच्यासारखं कंबरदुखीसाठी नव्हे, तर टीबीसाठी. टीबीने मणका आतून पोखरला जायचा, पाठीला कुबड यायचं, पाय जायचे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोघांनी वेगवेगळ्या रीतीने टीबी झालेले मणके हाडानेच जोडून दाखवले. आल्बींनी तर नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठीत बसवली. धातू नाहीच. मग पेशंटला महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहावं लागायचं.

त्यानंतर पोलिओ आला. अमेरिकेतल्या ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे पोलिओने पाठ वाकडी झालेली मुलं रांगेने यायची. त्या मुलांची फुप्फुसं आधीच कमजोर, त्यांना प्लास्टरमध्ये आवळणं धोक्याचं. म्हणून त्यांनी स्टीलची दांडी आणि दोन टोकांना हुक असं साधन केलं. वरचा हुक वर, खालचा खाली, आणि मोटारीचा जॅक फिरवावा तशी मधली दांडी ताणायची. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि पुढची वीसेक वर्षं जगभर हॅरिंग्टन रॉड चालला. पण एक खोट राहिली. आपली कंबर बाजूने बघितली तर आत वळलेली असते. दांडीने ताणून ती सपाट व्हायची आणि माणूस पुढे झुकून चालायचा.

पुढचा माणूस मला फार आवडतो. मेक्सिकोचे एदुआर्दो लुके. त्यांचे पेशंट गरीब, लांबून येणारे. उकाड्यात प्लास्टर घालून राहणं आणि दर महिन्याला तपासणीला येणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून १९७० च्या दशकात लुके यांनी प्रत्येक मणक्याखालून तार ओवून ती दांडीला पिळली. दोन टोकांवर येणारा सगळा भार दहा-बारा ठिकाणी वाटला गेला आणि प्लास्टरची गरज जवळपास संपली. पेशंट परत येणार नाही हे गृहीत धरून केलेलं डिझाइन! याच वाटेवर पुढे इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमधून 'हार्टशिल रेक्टँगल' आला. दांडीऐवजी चौकट, बाकी तारा तशाच. स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून आपल्या देशात तो बरीच वर्षं चालला.

तिकडे पॅरिसला रेमंड रॉय-कॅमिल यांनी १९६३ पासून वेगळी दिशा धरली होती. मणक्याच्या मागच्या भागातून पुढच्या भागाकडे जाणारा हाडाचा जाड खांब असतो, त्याला पेडिकल म्हणतात. त्यातून त्यांनी थेट स्क्रू घातला आणि मागे पट्टी लावली. तारेने मणका फक्त मागून बांधला जातो, स्क्रूने तो आरपार पकडला जातो. आज कमरेच्या ऑपरेशनचा एक्स-रे बघितलात तर जे स्क्रू दिसतात ते याच घराण्यातले.

आणि दोन मणक्यांच्या मधल्या चकतीच्या जागी बसवतात तो 'केज', म्हणजे पिंजरा? त्याचा पूर्वज घोड्याच्या मानेतला! अमेरिकेतल्या जॉर्ज बॅगबी यांनी १९७० च्या दशकात, मानेच्या दुखण्याने झोकांड्या खाणाऱ्या घोड्यांसाठी भोकाभोकांची स्टीलची नळकांडी केली. आत हाडाचा चुरा भरायचा, भोकांतून नवं हाड वाढायचं. त्यावरूनच माणसाच्या कमरेसाठी केलेल्या केजला १९९६ साली अमेरिकेत परवानगी मिळाली.

मग स्टीलच्या जागी टायटॅनियम आलं. कारण दोन. एक, एमआरआयमध्ये स्टीलमुळे चित्र फार बिघडतं, टायटॅनियममुळे कमी. दुसरं, टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्यानेच ताठ असतं. धातू फार ताठ असला तर सगळा भार तोच घेतो आणि मधल्या हाडाला कामच उरत नाही. आणि बिनकामाचं हाड विरत जातं. हाडाला भार लागतो, शेतकऱ्याच्या हाताला काम लागतं तसा.

हे सगळं झालं पाठ-कंबरेचं. मान अजून बाकी होती. आणि मानेतही सगळ्यात वरची जागा, जिथे चूक झाली तर माणूस टेबलावरच जातो.

वरून पहिला मणका म्हणजे अ‍ॅटलास. ती नुसती हाडाची अंगठी आहे, तिच्यावर आपलं डोकं बसलेलं असतं. दुसरा अ‍ॅक्सिस. त्याच्या डोक्यावर दातासारखा खुंटा असतो, तो अंगठीत शिरतो. जात्याचा खुंटा आठवा. खालच्या तळीतला खुंटा, त्याभोवती फिरणारी वरची पाळी. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते त्यातलं निम्मं वळणं या एकाच सांध्यात होतं.

त्या अंगठीत खुंट्याच्या मागून मज्जारज्जू जातो. ढोबळ हिशोब असा की अंगठीतली एक तृतीयांश जागा खुंट्याची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि एक तृतीयांश मोकळी. खुंट्याला धरून ठेवणारा पट्टा तुटला, जन्मापासूनच कमकुवत असला किंवा संधिवाताने, टीबीने खाल्ला, तर खुंटा मागे सरकतो आणि ती मोकळी जागा खातो. पुढे मज्जारज्जू दाबला जातो. हातांनी शर्टाची बटणं लागेनाशी होतात. चालताना तोल जातो. पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही. घरचे म्हणतात वयामुळे, अशक्तपणामुळे. वर्षं अशीच जातात.

ही जागा बांधायचे प्रयत्नही जुने आहेत. १९१० साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि ऑस्गुड यांनी चक्क जाड रेशमी दोऱ्याने पहिला मणका दुसऱ्याला बांधला. १९३९ साली टोरांटोच्या गॅली यांनी तार आणि हाडाचा तुकडा वापरला. त्यांची पद्धत अनेक दशकं चालली. पण तार मागून बांधते. डोकं वळवायची हालचाल तिला नीट थोपवता येत नाही. म्हणून पेशंटला बाहेरून कडक पट्ट्यात किंवा डोक्याला लावलेल्या चौकटीत महिने काढावे लागत आणि तरी काही वेळा हाड जुळत नसे. मग स्वित्झर्लंडच्या फ्रिडरिश मागर्ल यांनी दुसऱ्या मणक्यातून तिरका वर, सांध्याच्या आरपार, पहिल्या मणक्यात जाणारा लांब स्क्रू आणला. पकड जबरदस्त. पण दोन अडचणी. एक, सरकलेले मणके स्क्रू घालायच्या आधीच जागेवर आलेले हवेत. दोन, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या वाटेच्या अगदी कडेने जाते. काही माणसांत ती अशी वळलेली असते की हा स्क्रू घालताच येत नाही.

इथे परळ येतं.

केईएमबद्दल दोन ओळी सांगायलाच हव्यात. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून मेडिकल कॉलेज उभं राहिलं आणि १९२६ साली कॉलेज-हॉस्पिटल सुरू झालं. देणगीची अट होती की शिकवणारे भारतीय असावेत. त्या काळात मोठ्या जागा गोऱ्यांच्या, म्हणून ही अट. हॉस्पिटल महापालिकेचं. भोवती गिरणगाव. आणि गिरणीत कोण? रत्नागिरी, सातारा आणि आपला तेव्हाचा कुलाबा जिल्हा. आपले आजे-पणजे ज्या चाळीत राहिले, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

अशा हॉस्पिटलमध्ये देशभरातून पेशंट येतात. मानेच्या या सांध्याचे पेशंट एखाद्या युरोपियन सर्जनला आयुष्यात जेवढे बघायला मिळणार नाहीत, तेवढे इथे येत होते. त्यातले बरेच उशिरा आलेले, मणके पार सरकलेले. त्यांना वर्षभर चौकटीत ठेवणं, पुन्हा पुन्हा बोलावणं अवघड.

१९८८ पासून डॉ. गोयल यांनी इथे वेगळी रीत वापरायला सुरुवात केली. सांध्याच्या आरपार एक लांब स्क्रू घालण्याऐवजी दोन स्वतंत्र स्क्रू. एक पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात, एक दुसऱ्या मणक्यात. दोन्ही एका छोट्या भोकाच्या पट्टीतून घातलेले. डावीकडे एक जोडी, उजवीकडे एक. म्हणजे चार स्क्रू, दोन पट्ट्या.

ऐकायला साधं वाटतं. पण पहिल्या मणक्याचा तो जाड भाग दिसायचाच नाही. त्याच्यासमोर शिरांचं जाळं असतं, हात लागला की रक्त वाहतं, आणि मधोमध एक नस आडवी येते. बहुतेक सर्जन तिथे जायला कचरत. गोयल यांनी ती नस कापून सांधा उघडा करायचा निर्णय घेतला. त्याची किंमत म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात बधिरपणा. मिळकत म्हणजे सांधा डोळ्यांसमोर. मग त्याच्यावरचं कूर्चेचं आवरण खरवडून काढायचं आणि थेट सांध्यातच हाडाचे तुकडे भरायचे.

यात डिझाइनचं शहाणपण कुठे आहे ते सांगतो. डोक्याचं सगळं वजन या दोन सांध्यांतूनच खाली उतरतं. तार बांधायची ती जागा मागे, भारापासून लांब. दाराची बिजागरी ढिली झाली तर आपण बिजागरीचे स्क्रू घट्ट करतो, कडीला दोरी बांधून ठेवत नाही. गोयल यांनी बिजागरीलाच हात घातला. आणि दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू असल्यामुळे मणके जागेवर आणण्याचं काम टेबलावर, सांधा उघडा असतानाच करता येऊ लागलं.

डॉ. गोयल आणि डॉ. लाहेरी यांचा लेख १९९४ साली युरोपातल्या 'अ‍ॅक्टा न्यूरोकिरुर्गिका' या नियतकालिकात आला. फारसा गाजावाजा झाला नाही. मग २००१ साली जर्मनीचे युर्गेन हार्म्स आणि त्यांचे सहकारी मेल्चर यांनी ३७ पेशंटवरचा लेख प्रसिद्ध केला. जागा त्याच, दोन मणक्यांत स्वतंत्र स्क्रू तेच. फरक असा की पट्टीऐवजी दांडी आणि डोकं कुठल्याही कोनात फिरणारे स्क्रू. हा फरक छोटा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पट्टीत भोकं ठरलेली असतात, स्क्रू त्याच्या हिशोबाने घालावा लागतो. फिरत्या डोक्याचा स्क्रू आधी हाडाला सोयीचा पडेल तसा घालता येतो आणि दांडी नंतर जुळवता येते. काम सोपं झालं, शिकवायला सोपं झालं. कंपन्यांचे तयार सेट उपलब्ध झाले आणि पद्धत जगभर 'हार्म्स टेक्निक' म्हणून पसरली.

२००२ साली गोयल आणि सहकाऱ्यांनी १६० पेशंटचा अनुभव मांडला. सात वर्षं आधीचा लेख, १४ वर्षांचं काम, १६० माणसं. हळूहळू जगातल्या लेखकांनी नाव दुरुस्त केलं. आज 'गोयल-हार्म्स' लिहितात. कुणी भांडून मिळवलेलं हे नाव नाही, छापील तारखांनी मिळवून दिलेलं आहे. कागद राहिला म्हणून नाव राहिलं.

गोष्ट इथे संपत नाही. काही माणसांत तो दातासारखा खुंटा वर, कवटीच्या भोकात घुसलेला असतो. याला बॅसिलर इनव्हॅजिनेशन म्हणतात. मान आखूड दिसते, केसांची मागची रेघ खाली असते. पूर्वी यासाठी तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून शिरून तो खुंटा काढायचे. १९९८ साली केईएमच्या याच टीमने या आजारासाठी ऑपरेशन केलेल्या १९० पेशंटचा अभ्यास छापला होता. म्हणजे जुनी वाट त्यांनी मन लावून चालून बघितली होती. मग २००४ साली त्यांनी लिहिलं की सांधा उघडा करून दोन मणके एकमेकांपासून लांब करता येतात, मध्ये छोटा धातूचा ठोकळा बसवता येतो, आणि खुंटा आपोआप खाली येतो. मग स्क्रू-पट्टी. बऱ्याच पेशंटना तोंडातून करायचं ऑपरेशन लागतच नाही. गाडीचं टायर बदलताना जॅकने उचलून खाली दगड लावतो, जवळपास तीच कल्पना.

पुढे डॉ. गोयल यांनी असंही मांडलं की लहान मेंदूचा खालचा भाग मणक्याच्या नळीत उतरण्याचा जो 'किआरी' नावाचा आजार आहे, त्याचंही मूळ या सांध्याच्या अस्थिरपणात आहे. या मतावर जगात वाद आहे, अनेक तज्ज्ञांना ते सरसकट पटत नाही. वाद असू दे. विज्ञान असंच चालतं. पण स्क्रू-पट्टीच्या मूळ पद्धतीबद्दल तसा वाद उरलेला नाही.

आणि हेही सांगतो, फुकट काही मिळत नाही. सांधा जोडला की मान वळणं कमी होतं ते कायमचं. गाडी रिव्हर्स घेताना अख्खं अंग वळवावं लागतं. मज्जारज्जू वाचला त्याची ही किंमत.

आता आपल्याकडे येऊ. हे सगळं मी महाडच्या लोकांना का सांगतोय?

पहिलं कारण. आपण समजतो की नवं काही निघतं ते परदेशात, आपण फक्त विकत घ्यायचं. महाडकरांनी तरी असं समजू नये. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाने मरणारी पोरं बघत होते. त्यांनी एकेका पेशंटच्या नोंदी ठेवल्या, १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने ती माणसं वाचवून दाखवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीतला विंचू आणि परळमधली मान यांत सारखं काय? पेशंट जिथे आहेत तिथेच उत्तर सापडलं. आणि दोन्ही ठिकाणी नोंद ठेवणारा माणूस होता. दवाखाना सरकारी किंवा पालिकेचा होता, हेही विसरू नका. अशा जागा मोडकळीस आल्या तर फक्त गरिबाचा उपचार जात नाही, पुढचा शोधही जातो.

दुसरं कारण पैशाचं. २०१७ साली केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटवर आणि नंतर गुडघ्याच्या इम्प्लांटवर किमतीची कमाल मर्यादा घातली. औषध सोडलेल्या साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधाच्या लेपवाल्या स्टेंटला २९,६०० रुपये, असे आकडे जाहीर झाले. त्या निर्णयांत मणक्याचे स्क्रू, दांड्या, केज आले नाहीत. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये चार, सहा, आठ स्क्रू लागतात आणि प्रत्येकाचं वेगळं बिल होतं. म्हणजे जिथे पेशंट सगळ्यात हवालदिल, तिथे भाव विचारायची सोय सगळ्यात कमी. माझं म्हणणं साधं आहे. स्टेंटला जमतं ते स्क्रूला का जमू नये? हा प्रश्न आपल्या खासदार-आमदारांना विचारण्यासारखा आहे. रस्त्याच्या खड्ड्यांसारखाच.

तिसरं कारण जबाबदारीचं. एका मोठ्या कंपनीचा खुब्याचा 'एएसआर' सांधा २०१० साली जगभरातून परत मागवला गेला. आपल्याकडच्या पेशंटच्या भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं, आणि बऱ्याच पेशंटचा तर पत्ताच लागला नाही. कारण कुणाच्या अंगात काय बसवलंय याची नोंद नाही. आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद करणारा 'मटेरिओव्हिजिलन्स' कार्यक्रम २०१५ पासून आहे, पण पेशंटकडेच कागद नसेल तर तो काय करणार?

म्हणून घरात कुणाला मणक्यात, गुडघ्यात, खुब्यात काही बसवलं असेल किंवा बसवायचं असेल, तर एवढं करा:

– इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि बॅच नंबरचा स्टिकर असतो. तो डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

– स्टील की टायटॅनियम, विचारा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर ही माहिती आधी लागते.

– किती स्क्रू, प्रत्येकाची किंमत किती, हे ऑपरेशनच्या आधी लेखी मागा. मागायला लाजू नका.

– शासनाच्या जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा फुलेंच्या नावाने आहे. तरी अजून कित्येकांना रेशनकार्ड गावी राहिलं म्हणून परत फिरावं लागतं. मुंबईला निघताना रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्याच.

– ऑपरेशननंतर तंबाखू, बिडी, सिगारेट बंद. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. मग शर्यत हाड हरतं आणि दुसरं ऑपरेशन लागतं.

चौथं कारण रस्त्याचं. एका बाजूला कशेडी, एका बाजूला आंबेनळी, वरंध. मधून महामार्ग. २०१८ ची आंबेनळीची बस दुर्घटना आपण कुणीच विसरलेलो नाही. अपघात झाला की मदतीला धावतात ती आपल्याच गावची पोरं, आणि त्यांच्याइतकी निःस्वार्थ माणसं शोधून सापडायची नाहीत. त्यांच्यासाठी हे. मान दुखावलेली असू शकते असं वाटलं तर जखमीला काखेत धरून ओढू नका, उठवून बसवू नका, पाणी पाजायला मान वर करू नका. गाडी पेटण्याचा किंवा दरड कोसळण्याचा धोका नसेल तर १०८ येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं स्थिर धरून ठेवा. हलवावंच लागलं तर तीन-चार जणांनी मिळून, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर घ्या. आंब्या-जांभळावरून पडलेल्या माणसालाही हेच. ती एक तृतीयांश मोकळी जागा आठवा. घाईत एक हिसका बसला की ती संपते, आणि मग परळचा कुठलाही स्क्रू गेलेले हातपाय परत आणू शकत नाही.

आणि सलूनमध्ये केस कापून झाले की कडकन मान मोडून घ्यायची जी हौस आहे, ती सोडा. कुणाच्या मानेत तो सांधा ढिला आहे हे कापणाऱ्यालाही माहीत नसतं आणि बसणाऱ्यालाही.

महाडहून परळ सुमारे १७० किलोमीटर. रात्रीची एसटी पकडून, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट ठेवून जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, कदाचित तुम्हीच गेला असाल. त्यांना एवढं तरी माहीत असावं की आपण जिथे चाललोय तिथे जगाने उचललेली गोष्ट घडली आहे. रांग लांब असेल, पंखा बंद असेल, बेड जमिनीवर मिळेल. पण त्या रांगेतल्या पेशंटमुळेच ती पद्धत उभी राहिली. त्यात आपल्या भागातलीही माणसं असणार.

तुमच्या घरात कुणाचं मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर कॉमेंटमध्ये एवढंच लिहा: इम्प्लांटचा स्टिकर कागदावर मिळाला का, आणि किंमत आधी लेखी सांगितली होती का? हॉस्पिटलचं, डॉक्टरांचं, पेशंटचं नाव लिहू नका. फक्त हो की नाही. पुरेशी उत्तरं जमली की त्यांची यादी करून लोकप्रतिनिधींपुढे ठेवू. बावस्करांनी आणि गोयलांनी नोंदीच ठेवल्या होत्या. आपणही तिथूनच सुरुवात करू.